आधी भिंत, मग छप्पर

हिंगोली जिल्ह्यात घराचे छप्पर बदलायचे ठरले की चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: पत्रे टाकायचे की स्लॅब? गवंडी त्याचे उत्तर देतो, पत्र्याचा दुकानदार देतो, लग्नकार्याला आलेले पाहुणेही देतात, आणि शेवटी सोयाबीनचे किंवा हळदीचे किती पैसे हातात पडले यावर निकाल लागतो. ही पुस्तिका तो प्रश्न टाळत नाही. पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे, असे तिचे म्हणणे आहे. आधी विचारायचे ते भिंतीविषयी. ज्या भिंतींवर हे नवे छप्पर बसणार त्या कशाच्या आहेत, कोणत्या मातीवर उभ्या आहेत, आजवर वरचे ओझे त्यांनी पेलले की आतल्या लाकडी खांबांनी, आणि कधी जमीन हललीच तर चारही भिंती एकमेकींना धरून राहतील की चार दिशांना पडतील? याची उत्तरे मिळाली की पत्रा की स्लॅब हा वाद बऱ्याच घरांत आपोआप मिटतो. ती न मिळवता केलेला खर्च एका ऋतूची अडचण दूर करतो आणि दुसऱ्या ऋतूचे विकतचे दुखणे घरात आणतो.

सुरुवात जुन्या छपरापासून करावी लागते, कारण बदलायचे आहे ते तेच. मराठवाड्यातले माळवद म्हणजे खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचन, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडाला आणि धुराला साणं, पाण्याला पन्हाळ. एप्रिल-मेमध्ये जिथे पारा चाळिशीच्या वर दिवसच्या दिवस मुक्काम ठोकतो, तिथे हे छप्पर शहाणपणाचेच होते. फूटभर मातीतून दुपारचे ऊन खाली झिरपेपर्यंत रात्र होते आणि रात्रीच्या गारव्यात त्याची धार गेलेली असते. पण त्याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे देखभाल: दर वर्षी मृगाआधी वर माती टाकायची, ती चोपून बसवायची, उगवलेले गवत उपटायचे, घुशींची बिळे बुजवायची. हे काम जाणणारी माणसे गावात फारशी उरलेली नाहीत आणि उरली आहेत त्यांची मजुरी परवडत नाही. म्हणून माळवद गळते, आणि गळते म्हणूनच बहुतेक लोक ते बदलायला निघतात. दुसरी किंमत वजनाची, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक फूट जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या जवळपास भरतो. दहा बाय दहा फुटांची साधी खोली धरली तर डोक्यावर साडेचार टन माती. जुनी न काढता तिच्यावरच दर वर्षी नवी पडत गेली तर काही पिढ्यांत थर दोन फुटांवर जातो, ओझे नऊ टनांवर, आणि भाद्रपदात तर ती माती भिजलेली असते.

या वजनाचा हिशेब मराठवाड्याने एकदा फार मोठ्या किमतीला शिकून घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. जगातल्या इतर भूकंपांशी तुलना करता एवढ्या तीव्रतेला हा बळी फारच मोठा होता, आणि त्याचे कारण जमिनीइतकेच घरात होते. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती वरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात त्या आतली एक व बाहेरची एक अशा दोन पदरी असत, मध्ये चिपा आणि माती भरलेली, आणि दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. हादऱ्याने हे पदर एकमेकांपासून सुटले आणि वरची माती खाली आली. कित्येक माणसे दगडांपेक्षाही त्या मातीत गुदमरून गेली. पण याच किल्लारीची दुसरी एक नोंद तितकीच महत्त्वाची आहे आणि ती कमी सांगितली जाते. ज्या घरांत माळवदाचे ओझे भिंतींवर नव्हते, लाकडी खांब आणि तुळयांच्या खणांवर होते, आणि ते लाकूड शाबूत होते, अशा अनेक घरांत भिंती ढासळूनही छप्पर आपल्या खांबांवर उभे राहिले. म्हणजे वजन एकटे दोषी नव्हते. ते कोणाच्या खांद्यावर आहे, आणि तो खांदा बाजूचा धक्का सोसतो का, यावर सगळे ठरले.

किल्लारी हिंगोलीपासून दूर आहे, तिथली गोष्ट इथे कशाला, असा आक्षेप येईल. त्याला एक नवी पुष्टीही जोडली जाते: औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली, आणि ही जागा निवडण्यामागे इथल्या जमिनीची शांतता हे एक कारण होते. मग शांत जमिनीवर भूकंपाची भीती का बाळगायची? यातली शांतता वेगळी आहे. रोजची वाहतूक, कारखाने, समुद्राच्या लाटा यांनी जमिनीत जी बारीक थरथर सतत चालू असते ती कमी असणे वेधशाळेला हवे असते. दशकांतून किंवा शतकांतून एकदा येणाऱ्या हादऱ्याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय १९९३ पर्यंत किल्लारीही देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच दाखवलेली होती. आणि हिंगोलीपुरते बोलायचे तर वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीखालून येणारे आवाज काही वर्षांपासून परिचयाचे आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५. हे धक्के परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. घाबरवण्यासाठी हे आकडे दिलेले नाहीत. किल्लारीच्या भूकंपातून सुटलेली ऊर्जा अशा एका धक्क्याच्या सुमारे साडेतीनशे पट होती. पण छप्पर तीस-चाळीस वर्षांसाठी टाकले जाते, आणि तीस-चाळीस वर्षांचा विचार करताना ही जमीन कधीच हलणार नाही असे गृहीत धरणे हिशेबात बसत नाही.

मार्चमधल्या त्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने काढलेले आवाहन या विषयाच्या दृष्टीने फार बोलके होते: ज्यांनी घरावरच्या पत्र्यांना आधार म्हणून दगड ठेवले आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत. दगड काढणे बरोबरच. पण ते ठेवले का होते? वैशाखातल्या वावटळीत आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो म्हणून. पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलोचा. ताशी १०० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला ४५ ते ५० किलोचा दाब निर्माण करतो, आणि कमी उताराच्या पत्र्यावर तो दाब खाली ढकलण्याऐवजी बराचसा वर ओढण्याचे काम करतो. दहा बाय दहाच्या खोलीला हा वारा दगडांनी तोलायचा म्हटले तर चार क्विंटलांहून अधिक दगड वर चढवावे लागतील. इतके कोणी ठेवत नाही, पाच-दहा ठेवतो. म्हणजे वाऱ्यापुढे अपुरे आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर मात्र पुरेसे, अशी ती सोय. खरा इलाज स्वस्त आहे आणि रोजच्या पाहण्यातलाही: पत्रा लोखंडी पाइपाला जे-हुकने आवळायचा, कडेच्या आणि कोपऱ्याच्या ओळींत हुक दाट घ्यायचे कारण वारा पहिला हात तिथेच घालतो, आणि पाइप भिंतीच्या वरच्या थरात नुसता खोचून न ठेवता भिंतीत खोलवर किंवा स्वतंत्र खांबाला बांधायचा. पत्रा उडाला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा पाइपासकट उडालेला असतो.

पत्र्याविरुद्धची दुसरी तक्रार उन्हाची, आणि ती खरी आहे. तापलेला पत्रा वरच्या हवेला जेवढी उष्णता देतो तेवढीच खालच्या माणसांवर ओततो. दुपारी दोनला तशा खोलीत तान्ह्या मुलाला झोपवू नये. मात्र यावरून पत्रा वाईट असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वाईट आहे तो उघडा, गडद, एकेरी पत्रा. वरून पांढरा चुना किंवा उन्हाला परतवणारा पांढरा रंग, खाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांची किंवा फळ्यांची तक्तपोशी, आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके, एवढे केले की तोच पत्रा सुसह्य होतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याकडे हा खर्च ‘नंतर बघू’ म्हणून वगळला जातो आणि तो नंतर कधी उगवत नाही. सिमेंटचे पत्रे थोडे कमी तापतात हे खरे. पण त्यांत ॲस्बेस्टॉस असते, म्हणून जुने काढताना ते फोडू नयेत, कोरडे कापू नयेत, आणि तुकडे अंगणात भर म्हणून टाकू नयेत.

आता स्लॅब. स्लॅब म्हणजे पक्के, हे समीकरण इतके रुजले आहे की त्याविरुद्ध बोलणारा माणूस गरिबाला गरीब ठेवू पाहतो असे वाटावे. म्हणून आधी वजन मांडतो. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढे जातो. वर गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला की आणखी दीड-दोनशे. बेरीज करून पाहा: ज्या माळवदाला जड म्हणून उतरवले, जवळपास तेवढेच ओझे पुन्हा वर चढले. फरक एवढाच की माळवद आपल्या खांबांवर होते, आणि हा स्लॅब पुष्कळदा त्याच जुन्या, मातीत बांधलेल्या भिंतींवर, खांब काढून टाकून, सरळ टेकवला जातो. जमीन हलली की छपराच्या वजनाच्या प्रमाणात भिंतीच्या माथ्यावर आडवा धक्का बसतो. वजनाच्या फक्त एक-दशांश धरला तरी एका खोलीमागे साडेचारशे किलो, उभे नव्हे, आडवे. मातीतल्या दगडी भिंतीला उभे ओझे चालते, आडवे नाही. त्यात खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि जोत्याला दर वर्षी थोडे हलवते. स्लॅब ताठ असतो, तो या हालचालीला साथ देत नाही. भिंतीच्या माथ्याशी आडवी चीर पडते, आणि घरमालक ती लिंपून रंग देतो.

भूकंपानंतर लोकांनीच तर स्लॅब मागितला, हा यावरचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. किल्लारीनंतर राज्याने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन केले, त्यात कमी नुकसान झालेल्या गावांतली जुनी घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम होता. भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा कसा घालावा, दगडी भिंतीत आरपार जोड कशी द्यावी, माळवदाची माती कमी कशी करावी, हे सगळे सांगितले गेले. तरी बहुतेकांनी त्याच पैशांत जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची नवी खोली बांधणे पसंत केले. मला त्यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही. दगड-मातीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता, आणि नवी खोली नव्या पायावर, नव्या भिंतींवर, पट्ट्यासकट उभी राहत होती. तिच्यावर स्लॅब शोभतो. आज जे चालते ते वेगळे आहे: किल्लारीच्या लोकांनी भिंत बदलून छप्पर बदलले, आपण भिंत तशीच ठेवून छप्पर बदलतो, आणि नाव मात्र दोन्हीला पक्क्या घराचेच देतो.

थंड प्रदेशांकडे पाहिले तर वजनाचा हाच मुद्दा वेगळ्या बाजूने स्पष्ट होतो. बर्फाच्या मुलुखात छपराचा आराखडा त्या जागी किती बर्फ साचतो या आकड्यापासून सुरू होतो. दबून घट्ट झालेला अर्धा मीटर बर्फ चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या फूटभर मातीच्या एक-तृतीयांश, आणि तोही उन्हाळ्याआधी वितळून जातो. एवढ्या ओझ्यासाठी तिथे कैच्यांची गणिते मांडली जातात. आपण तिप्पट ओझे बारमाही वागवतो आणि त्याचा आकडाही काढत नाही. लडाखचे उदाहरण तर अगदी घरचे वाटावे. पॉप्लरच्या वाशांवर विलोच्या काड्या, वर गवत आणि माती, असे तिथले धाबे. पाऊस नगण्य म्हणून ते टिकले. ६ ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने लेहमध्ये हाहाकार उडवला, आणि अवेळी पावसाच्या भीतीने तिथेही मातीवर पत्र्याची पाखी चढू लागली. विशेष म्हणजे शहाण्या घरांनी खालची माती काढली नाही, कारण थंडी अडवते ती माती. पत्रा फक्त पाण्यासाठी. आपल्याकडे थंडीच्या जागी ऊन घाला. ज्या घराचे खांब आणि तुळया धडधाकट आहेत तिथे मातीचा थर सहा इंचांपर्यंत उतरवून, वर वाऱ्याला दाद न देणारी पत्र्याची उतरती पाखी करणे हा मार्ग इथेही खुला आहे. तो सर्वांत स्वस्त आहे, बहुधा सर्वांत गार आहे, आणि गवंडी तो सहसा सुचवत नाही, कारण त्यात त्याला काम फारसे नाही.

खांब-तुळया धडधाकट आहेत हे ठरवायचे कसे, यावर पुस्तिकेत एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यातली एकच गोष्ट इथे सांगतो. तुळई मधोमध वाजवून पाहू नये, तिथे ती खणखणीतच वाजते. ती भिंतीत जिथे शिरते त्या टोकाशी लिंपण खरवडून जाड खिळा दाबून पाहावा. गळक्या माळवदाची ओल भिंतीतून तिथेच मुरते आणि वाळवी तिथूनच आत जाते. खिळा बोटभर आत गेला तर ती तुळई संपली, बाकीची कितीही सुंदर कोरलेली असो. भिंतीलाही अशीच एक परीक्षा: माथ्यापासून ओळंबा सोडायचा. भिंतीने पोट काढले असेल तर दोरी लगेच सांगते, आणि पोट काढलेल्या भिंतीचे आतले-बाहेरचे पदर सुटू लागले आहेत असे समजावे. तशा भिंतीवर काहीही नवे ठेवू नये. माळवद उतरवले म्हणून ती सुरक्षित झाली असेही नाही. चार भिंतींना माथ्याशी बांधणारे जुने लाकूडच निघून गेलेले असते. हलके छप्पर घेतानाही माथ्यावरून चहूबाजूंनी फिरणारा सळ्यांसह काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत अखंड, घालावाच लागतो.

मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप गच्चीचा आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती हळद शिजवल्यावर वाळवायची कुठे? मूग-उडदाच्या शेंगा, कुरडया, पापड, उन्हाळ्यातली झोप, हे सगळे माळवदावर होत होते आणि स्लॅबवर होते. उतरत्या पत्र्यावर होत नाही. गावठाणात अंगणे अरुंद होत चालली असताना सपाट छप्पर ही कामाची जमीन आहे, आणि ती सोडा असे सांगणाऱ्याने पर्याय दिला पाहिजे. पर्याय असा की घर दोन खणांत विभागून पाहावे: एका खोलीपुरते स्वतःचे कॉलम, काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत नेलेला पाया, आणि वर स्लॅब, बाकी घरावर हलके छप्पर. सगळ्या घरावर कच्च्या भिंतींच्या आधाराने स्लॅब टाकण्यापेक्षा एवढी खोली नीट करणे स्वस्त पडते. सोयरीक पाहायला येणारे स्लॅब पाहतात, हा आक्षेपही मी हसण्यावारी नेत नाही, पण ते भिंतीला ओळंबा लावून पाहत नाहीत एवढे म्हणतो.

घरकुल योजनेचा प्रश्न उरतो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट प्रदेशातल्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर, अशी आखणी २०१६ पासून आहे. योजना नव्या घराची आहे. भिंती बऱ्या, छप्पर वाईट, अशा कुटुंबाला ती नेमकी लागू पडत नाही; ते एकतर यादीबाहेर राहते, नाहीतर शाबूत खांबांचे घर पाडून अनुदानाच्या मापात बसणारी खोली बांधते आणि जुने सागवान विकून वरची तूट भरते. केवळ छपरासाठी, अभियंत्याच्या तपासणीसह, छोटे अनुदान असावे अशी मागणी ग्रामपंचायतींनी करायला हरकत नाही. ते येईपर्यंत निर्णय घरमालकाचाच.

आणि त्या निर्णयाला वेळेचेही बंधन आहे, जे फार थोडे लोक पाळतात. छपराची कामे अक्षय तृतीयेनंतर निघतात आणि मृगाशी शर्यत लावतात. नेमक्या त्याच दिवसांत विहिरींनी तळ गाठलेला असतो, काही गावे टँकरवर असतात, आणि नव्या स्लॅबला तर कमीत कमी दहा दिवस आळे करून पाणी धरावे लागते. तहानेला पाणी नाही तिथे स्लॅबला कोण देणार? तो अर्धा सुकतो आणि पुढच्या पावसात गळतो. मग दोष सिमेंटला दिला जातो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात, विहिरींना तेव्हा पाणी असते, ऊन सौम्य असते आणि गवंडी मोकळा असतो. दसऱ्यानंतर भिंतींची तपासणी, दिवाळी ते संक्रांत या काळात पट्टा आणि स्लॅब, आणि पत्र्याची पाखी करायची असेल तर तीही माघापर्यंत उरकून घ्यावी. त्यानंतर हळद काढणे, शिजवणे, वाळवणे सुरू होते, घरातला एकही हात रिकामा राहत नाही, आणि त्या धामधुमीत पत्र्याचे हुक मोजून घ्यायला कोणी शिडीवर चढत नाही.